थोरला १७६६३१९०४९, धाकटा २२६१५३९८० आणि एक्सेलचा भोपळा

केळीचा मुनीम | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी सावद्याला केळीच्या गाड्यांचा हिशेब ठेवतो, त्यामुळे दिवसभर एक्सेल उघडंच असतं. गणिताशी संबंध तेवढाच. पण पोरगा दहावीला आहे आणि गेल्या महिन्यात आम्ही चाळीसगावकडून पाटणादेवीला जाऊन आलो, तेव्हापासून त्यानं भास्कराचार्यांचं एक उदाहरण डोक्यात घेतलंय. उदाहरण असं: अशी पूर्ण संख्या शोधा, जिच्या वर्गाला ६१ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्गच मिळतो.

उत्तर त्यानं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावलंय. धाकटी संख्या २२६१५३९८०, थोरली १७६६३१९०४९. म्हणजे थोरल्याचा वर्ग वजा ६१ गुणिले धाकट्याचा वर्ग, बाकी १.

मी म्हटलं ताळा करून बघू. एक्सेलमध्ये =ए१^२-६१*बी१^२ टाकलं. उत्तर ०. भोपळा! तीनदा आकडे तपासले, भोपळा तो भोपळाच. आता पोरगा म्हणतो एक्सेल चुकतंय, मी म्हणतो पुठ्ठा चुकलाय. घरात दोन तट पडलेत. कोणी सांगेल का?

कळण्याची भाकरी | रविवार, रात्री ९:२२

मुनीमजी, ज्या एक्सेलवर केळीचे पैसे वाटता त्यातच भोपळा निघाला म्हणजे शेतकऱ्यांनी आता घरी जाऊन वही काढायला हवी ;)

गिरणाकाठ | रविवार, रात्री ९:४८

पोरगा बरोबर, पुठ्ठा बरोबर, एक्सेलही त्याच्या परीनं बरोबर.

एक्सेल कुठलाही आकडा १५ अंकांपर्यंतच दाखवतं. थोरल्याचा वर्ग १९ अंकी आहे:

३११९८८२९८२८६०२६४४०१

तुमच्या खान्यात तो ३११९८८२९८२८६०२६०००० असा दिसेल. शेवटचे चार अंक गेले. आणि हे नुसतं दाखवण्यापुरतं नाही. आत आकडा साठवायला ठरावीक जागा असते, त्यामुळे एवढ्या मोठ्या आकड्यांत एक्सेलला ठाऊक असलेल्या दोन शेजारच्या संख्यांमध्ये तब्बल ५१२चं अंतर पडतं. थोरल्याचा वर्ग आणि ६१ पट धाकट्याचा वर्ग यांत फरक फक्त १चा. दोन्ही एकाच खुणेवर जाऊन बसतात आणि वजाबाकी शून्य. भरलेला ट्रक वजनकाट्यावर उभा केला आणि वरून एक केळं काढलं, तर काटा हलतो का? तसंच.

केळीच्या हिशेबाला मात्र धोका नाही. १५ अंकी रुपयांचा व्यवहार सावद्यात अजून झाला नसावा.

यावलचा आशावादी | रविवार, रात्री ११:०५

छान माहिती. मला एक प्रश्न: १७६६३१९०४९ ही मूळ संख्या आहे ना? २, ३, ५, ७ने जात नाही, करून बघितलं. शेवटी ४९ आहे पण ७ने भागल्यावर ५ उरतात. अशा ऐतिहासिक संख्या बहुतेक मूळच असतात असं वाटतं.

निवृत्त गुरुजी, अमळनेर | सोमवार, सकाळी ६:३०

आशावादी भाऊ, ७वर थांबलात, एक पायरी अजून चढायची होती. ११ची कसोटी आठवा. एकाआड एक अंक घ्या: १, ६, ३, ९, ४. बेरीज २३. उरलेले: ७, ६, १, ०, ९. बेरीज पुन्हा २३. दोन्ही सारख्या म्हणजे संख्या ११ने निःशेष भागली जाते. भाग जातो १६०५७४४५९चा.

बाकी "ऐतिहासिक म्हणून मूळ" हा नियम मी पस्तीस वर्षं शिकवलं त्यात तरी नव्हता.

मुनीमजी, तुमच्या घरातल्या भांडणाचा ताळा कागदावर करू. थोरल्याच्या अंकांची बेरीज ४६, तिची १०, तिची १. म्हणून वर्गाची ९ने बाकी १. धाकट्याच्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे तो ९ने जातो, त्याच्या वर्गाची बाकी ०, त्यात १ मिळवला, १. जुळलं. आता ११ने: थोरल्याची बाकी ०. धाकट्याची ८, तिचा वर्ग ६४, बाकी ९. ६१ची बाकी ६. सहा नव्वे चोपन्न आणि एक पंचावन्न, ते ११ने जातात. हेही जुळलं. ७ने पोराला करू द्या. ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर असं सिद्ध होत नाही, पण भोपळ्यापेक्षा बरं.

गिरणाकाठ | सोमवार, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत पूर्ण अवयव पाडले:

१७६६३१९०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७

चारही मूळ, चारही वेगळे, एकही पुन्हा नाही. म्हणजे ही वर्गमुक्त संख्या आहे. विभाजक एकूण १६. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज १९,५६,१७,५९१ येते, म्हणजे संख्येचा जेमतेम नववा हिस्सा. अशा संख्येला न्यून म्हणतात.

एक गंमत दिसली. ११, ५९, १५२३, १७८७ यातल्या प्रत्येकाला २४ने भागा. बाकी प्रत्येक वेळी ११. चारही वेळा! हा योगायोग की काही कारण?

यावलचा आशावादी | सोमवार, दुपारी १:४०

मूळचा दावा मागे घेतो. पण दुसरा मांडतो :) थोरल्याला ४ने भागलं की बाकी १ उरते. ४ने भागून १ उरणाऱ्या संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येतात असं वाचलं होतं. तर ही कोणत्या दोन वर्गांची?

निवृत्त गुरुजी, अमळनेर | सोमवार, सायंकाळी ५:५०

कोणत्याही नाही. तो नियम *मूळ* संख्येचा. संयुक्त संख्येत अवयव बघावे लागतात: ४ने भागून ३ उरणारा मूळ अवयव विषम वेळा आला की दोन वर्गांची बेरीज होत नाही. इथं ११, ५९, १५२३, १७८७ चौघांचीही बाकी ३ आणि प्रत्येक एकेकदाच. चार "तीन"चे गुणाकार करून वर एक दिसतो, आत मात्र तीनच बसलेत. लग्नात मांडवात सगळे हसरे, घरात भाऊबंदकी, तसं.

पण *एक वर्ग अधिक दुसऱ्या वर्गाची दुप्पट* या साच्यात ती फार सुंदर बसते:

१७६६३१९०४९ = १² + २ × २९७१८²

आणि ही शोधून काढलेली मांडणी नाही, संख्या तयारच तशी झाली आहे. रात्री सविस्तर लिहितो, आता नातवाला क्लासला सोडायचंय.

केळीचा मुनीम | सोमवार, सायंकाळी ७:०५

गुरुजी वाट बघतो. पोरगा विचारतोय की ११५० साली कॅल्क्युलेटर नव्हता तर दहा अंकी उत्तर आलं कुठून. एकेक संख्या घालून बघत बसले असतील तर आयुष्य जाईल.

निवृत्त गुरुजी, अमळनेर | सोमवार, रात्री १०:२०

जाईलच. बावीस कोटींहून जास्त वेळा घालून बघावं लागलं असतं.

या प्रकाराला आपल्याकडे वर्गप्रकृती म्हणतात. धाकट्याला कनिष्ठ, थोरल्याला ज्येष्ठ, आणि मिळवायच्या संख्येला क्षेप. इथं क्षेप १ हवा. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली दाखवून दिलं की दोन अर्धवट उत्तरं एकमेकांशी गुणून नवं उत्तर बनवता येतं, क्षेपांचाही गुणाकार होतो. याला भावना म्हणतात. भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' या ग्रंथात चक्रवाल वापरलं, म्हणजे चाकासारखं फिरत फिरत क्षेप लहान करत नेणं. आता मुलाला वही-पेन घेऊन बसवा.

८चा वर्ग ६४, म्हणजे ६१ × १² + ३. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आता अशी संख्या हवी की ती ८मध्ये मिळवली तर ३ने भाग जावा आणि तिचा वर्ग ६१च्या जवळ असावा. ७ घ्या. ८ + ७ = १५, भागिले ३, नवा कनिष्ठ ५. ज्येष्ठ ३९. ताळा: ३९² = १५२१, ६१ × ५² = १५२५. क्षेप वजा ४.

चाकाचा एकच फेरा झाला आणि पुढचा रस्ता सरळ. कनिष्ठ आणि ज्येष्ठ निम्मे केले की क्षेप चौथाई होतो: कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२, क्षेप वजा १. अपूर्णांक आले म्हणून घाबरायचं नाही. या जोडीची स्वतःशीच भावना केली:

कनिष्ठ १९५/२, ज्येष्ठ १५२३/२, क्षेप अधिक १.

क्षेप तर हवा तो आला, पण अपूर्णांकात. म्हणून या जोडीची मागच्या (५/२, ३९/२) जोडीशी भावना करा. कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९७१८. पूर्णांक झाले, पण क्षेप पुन्हा वजा १. आता यांची स्वतःशी भावना. धाकटा २ × २९७१८ × ३८०५ = २२६१५३९८०. थोरला २ × २९७१८² + १ = १७६६३१९०४९.

झालं. पानभर हिशेब. मी नववीच्या वर्गाकडून एका तासात करवून घ्यायचो, फक्त मधली सुट्टी खायचो त्यांची.

गिरणाकाठ | सोमवार, रात्री ११:३५

गुरुजी, थांबा थांबा. १५२३!

दुपारी मी अवयव पाडले तेव्हा त्यात १५२३ निघाला होता. आणि तुमच्या मधल्या पायरीवर १५२३/२ बसलाय. मी संगणकाकडून जे काढलं ते भास्कराचार्यांच्या कागदावर आधीच लिहिलेलं होतं!

कारण आत्ता सापडलं. शेवटचं उत्तर म्हणजे १५२३/२ या पायरीचा भावनेनं केलेला घन. आणि घन करताना नव्या ज्येष्ठाचं सूत्र येतं जुन्या ज्येष्ठाच्या घनाची चौपट वजा त्याचीच तिप्पट. अकरावीत कॉस ३थीटा शिकलो, तेच. म्हणून

१७६६३१९०४९ = १५२३ × (१५२३² − ३) ÷ २

कंसातलं आणि भागाकार मिळून ११५९७६३. ते ११ × ५९ × १७८७. चोख.

आणि यातून २४चं कोडंही बहुतेक सुटलं. १५२३ म्हणजे ३९² + २. विषम वर्गाला ८ने भागलं की १ उरतो, त्यात २, म्हणून ३. ३९ हा ३ने जातो म्हणून ३ने बाकी २. दोन्ही अटी पाळणारी २४खालची संख्या एकच, ११. बाकीचे तिघे १५२३² − ३ला भागतात, त्यामुळे १२ने भागल्यावर १ किंवा ११ उरणार. शिवाय गुरुजींनी दिलेल्या २ × २९७१८² + १लाही भागतात, त्यामुळे ८ने भागल्यावर १ किंवा ३. जोडलं की २४ने बाकी १ किंवा ११. दोनच दारं. तिघेही ११च्या दारातून आले एवढाच काय तो योगायोग.

उद्या सकाळी मीटिंग आहे आणि मी हे करतोय.

कळण्याची भाकरी | मंगळवार, सकाळी ८:१५

माझ्या डोक्यावरून गेलं पण "१५२३!" वाचताना अंगावर काटा आला. चहा सांडला तो वेगळाच.

तापीकाठचा अहिराणीवाला | मंगळवार, सकाळी ९:०२

भो, माले निम्मं समजनं नही, पन वाचाले मज्या वनी. आनखी लिखा.

पेन्सिलवाली, धुळे | मंगळवार, सकाळी ११:४०

सगळे थोरल्याच्याच मागे. धाकट्याकडे कोणी बघत नाही, आमच्या घरासारखंच. मी धाकटी असल्यानं त्याची बाजू घेते.

२२६१५३९८० = २² × ३² × ५ × १३ × १२७ × ७६१

विभाजक १४४! थोरल्याचे सोळा. स्वतःला सोडून विभाजकांची बेरीज ५१,९४,११,२०४, म्हणजे स्वतःच्या दुपटीहून जास्त. थोरला न्यून, धाकटा विपुल.

आणखी एक. अंकांची बेरीज ३६, आणि ३६ने धाकट्याला पूर्ण भाग जातो (६२८२०५५ वेळा). स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी हर्षद नाव दिलं. थोरल्याची बेरीज ४६, सम. तो स्वतः विषम. त्यामुळे हर्षद व्हायचा प्रश्नच नाही. आनंद देणारा शेवटी धाकटाच.

निवृत्त गुरुजी, अमळनेर | मंगळवार, दुपारी २:३०

ताई, झकास. कापरेकरांचं नाव काढलंत तर त्यांची दुसरी कसोटीही लावू. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या *जन्मते*. जिला असा जनकच नाही, ती स्वयंभू. थोरला स्वयंभू आहे का? नाही. १७६६३१९००८ घ्या, अंकांची बेरीज ४१, मिळवा: १७६६३१९०४९. मी बाकीच्या सगळ्या शक्यता तपासल्या, जनक हा एकच.

यावलचा आशावादी | मंगळवार, सायंकाळी ६:१०

अभिमान वाटतो. भास्कराचार्य आपल्या पाटणचे, म्हणजे ही संख्या खान्देशची!

शिलालेखवेडा | मंगळवार, रात्री ८:४५

आशावादी, जरा दमानं. भास्कराचार्यांनी स्वतःचं गाव विज्जडविड असं लिहिलंय, सह्याद्रीच्या आश्रयाचं. ते गाव नेमकं कुठलं यावर जुना वाद आहे. पाटणचा दावा आहे, विजापूरचा आहे, इतरही आहेत. तो वाद या धाग्यावर नको, आधीच्या एका धाग्याला त्यासाठी कुलूप लागलं होतं.

पाटणबद्दल खात्रीनं सांगता येतं ते शिलालेखामुळे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. त्यानं पाटणला मठ काढला, कशासाठी तर आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. इसवी सन १२०७च्या सुमाराची गोष्ट. निकुंभ घराण्याच्या सामंतांनी त्याला दान दिलं. लेख संस्कृतात आहे पण शेवटचा दानाचा तपशील जुन्या मराठीत. भाऊ दाजी लाडांनी १८६५मध्ये तो उजेडात आणला. म्हणजे ६१चं हे उदाहरण पाटणच्या ओट्यांवर पोरांनी घोकलं असणार, एवढं म्हणायला माझी हरकत नाही. आजोबा कुठं जन्मले याहून नातवानं शाळा काढली हे मला मोठं वाटतं.

जन्मसाल मात्र पक्कं. *रसगुणपूर्णमही* असं त्यांनीच लिहिलं. रस ६, गुण ३, पूर्ण ०, मही १. उलट वाचा: शके १०३६, म्हणजे १११४. ग्रंथ छत्तिसाव्या वर्षी.

पेन्सिलवाली, धुळे | मंगळवार, रात्री ९:३०

मग थोरल्यालाही शब्दांत बसवू! उजवीकडून: नंद-वेद-ख-अंक-भू-गुण-रस-ऋतू-अद्री-चंद्र. आणि लीलावतीतल्या स्थानांनी: १ अब्ज ७ अर्बुद ६ कोटी ६ प्रयुत ३ लक्ष १ अयुत ९ सहस्र ० शत ४ दश ९. आपलं बोलीतलं "एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास" त्यापुढे अगदीच बाजारी वाटतं.

गिरणाकाठ | बुधवार, सकाळी १०:००

एक प्रश्न राहिला. ६१च का एवढा अवघड? शेजारी बघा. ६०ला ३१² − ६० × ४² = १. ६२ला ६३² − ६२ × ८² = १. ६३ला तर ८ आणि १. तोंडी येणारी उत्तरं. मध्येच ६१ आणि दहा अंकी!

निवृत्त गुरुजी, अमळनेर | बुधवार, दुपारी १२:२०

६०, ६२, ६३ वर्गाच्या ओळखीतले आहेत, ६४ला चिकटलेले किंवा दोन पावलांत पोचणारे. ६१चं वर्गमूळ साखळी अपूर्णांकात (छेदात पुन्हा अपूर्णांक, त्याच्या छेदात पुन्हा, असं) मांडलं तर आवर्तन ११ पायऱ्यांचं, आणि ११ विषम असल्यानं एका फेऱ्यात वजा १ हाती लागतो. अधिक १साठी पुन्हा तेवढंच चालायचं. म्हणून उत्तर फुगलं. भास्कराचार्यांनी एकाच श्लोकात ६७ आणि ६१ दोन्ही विचारलेत. ६७चं उत्तर पाच अंकी थोरला आणि चार अंकी धाकटा: ४८८४२, ५९६७. सोप्याशेजारी अवघड ठेवणं ही मास्तरांची जुनी खोड.

हाच ६१ फर्मा यांनी १६५७मध्ये फ्रान्समधून आव्हान म्हणून टाकला होता, सोबत १०९. इंग्लंडच्या ब्राउंकर यांनी अशा उदाहरणांची रीत काढली आणि पुढे ऑयलरच्या गैरसमजानं या समीकरणाला पेल यांचं नाव चिकटलं, ज्यांचा संबंध फारसा नव्हता.

व्यवहारात उपयोग हवा असेल तर थोरला भागिले धाकटा करा. ६१चं वर्गमूळ १७ दशांश स्थळांपर्यंत बरोबर येतं.

केळीचा मुनीम | बुधवार, रात्री ९:५५

मंडळी, घरातलं भांडण मिटलं, आणि एक्सेलवरच मिटलं.

पोरानं गुरुजींची पायरी घेतली. म्हणाला थोरल्याचा वर्ग कशाला करता, त्याच्या आधीचीच जोडी तपासा. २९७१८चा वर्ग ८८३१५९५२४. ३८०५च्या वर्गाची ६१ पट ८८३१५९५२५. नऊ अंकी, शेजारी शेजारी, फरक १. एक्सेलनं निमूटपणे दाखवलं. पुढची एक भावना त्यानं हातानं केली आणि पुठ्ठ्यावर खाली १५२३ला लाल गोल काढलाय.

७ने ताळा पण केला, दोन्हीकडे ४ आले. बरोबर ना गुरुजी?

आता १०९ घेऊन बसलाय. वही अर्धी संपली, भरीत थंड झालं, आई ओरडतेय.

निवृत्त गुरुजी, अमळनेर | बुधवार, रात्री १०:१०

४ बरोबर. १०९च्या थोरल्याला पंधरा अंक आहेत, एक्सेलच्या खान्यात काठोकाठ बसतो. त्याला सांगा, वजा १ आला की तिथं थांबून मला कळव. आणि आधी जेव म्हणावं.